ओवाळणीच्या कॉम्प्युटरची विल्हेवाट

मी, राजश्री आत्माराम भाटकर, वय एक्कावन्न, अविवाहित, व्यवसाय टंकलेखन व संगणक वर्ग चालवणे, राहणार मांडवी, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं पूर्ण ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती हृदयाची एक झडप, आणि तिचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही, नशापाणी दिलेलं नाही. सकाळपासून पोटात फक्त पेज गेली आहे. यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही.

माझे वकील अॅड. हर्षद मयेकर हे माझेच एके काळचे विद्यार्थी. त्यांनी टाइप केलेला मसुदा आणून दिला होता. मसुदा चांगला होता, पण त्यात माझं नाव सोडलं तर मी कुठेच नव्हते. म्हणून त्यांची भाषा जिथे लागते तिथे घेतली आहे आणि बाकीचं मला जसं म्हणायचं आहे तसं लिहिलं आहे. "मॅडम, मृत्युपत्रात भांडण घालायचं नसतं," असं ते म्हणाले. मी भांडण घालत नाही. भांडण आहेच, मी त्याची फक्त नोंद करते.

कलम १. घर.

मांडवीचं चिऱ्याचं घर माझ्या वडिलांनी, म्हणजे कै. आत्माराम गंगाराम भाटकर यांनी, जहाजावरच्या नोकरीत बांधलं. ते मृत्युपत्र न करता गेले, मागाहून आई, कै. कमळा, गेली, आणि आता घर माझं व माझा धाकटा भाऊ नितेश याचं निम्मं निम्मं आहे. नितेश पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला इथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या आहेत. आमच्याकडे रीत अशी, की बहिणीने हक्क सोडायचा आणि भावाने तिला साडी नेसवायची. आई गेल्यापासून दर गणपतीला नितेश साडी आणि हक्कसोडपत्र एकाच पिशवीतून आणतो. साड्या चांगल्या असतात, मी त्या नेसते. सही केलेली नाही.

माझा निम्मा हिस्सा मी माझी भाची ईशा नितेश भाटकर हिला देते. ती सज्ञान आहे. तिला इतकंच सांगणं, की साडीच्या बदल्यात कुठेही सही करू नये. साडी हवी असेल तर मी कपाटात ठेवल्या आहेत, त्या घ्याव्यात.

कलम २. वर्गाचं सामान.

वर्गातले सगळे संगणक, प्रिंटर, इन्व्हर्टर आणि तेलपाणी करून ठेवलेले दोन टाइपरायटर वेदिका शिवलकर हिला द्यावेत. ती माझ्याकडे शिकली आणि माझ्याकडेच शिकवायला लागली. बाहेरची पाटीही तिचीच. त्यावरचं माझं नाव काढायचं की ठेवायचं ते तिने ठरवावं. फक्त मागच्या बाकावरची जी मुलगी प्रश्न न विचारता नुसती पडद्याकडे बघत बसते, तिच्याकडे आधी जावं. तिला सगळं समजलेलं असतं आणि विचारणार कोणी नसतं.

आमच्या आळीतल्या भजनी मंडळाला मी काही देत नाही. नवीन पखवाजासाठी ते दर वर्षी येतात. का देत नाही ते पुढच्या कलमात कळेल.

कलम ३. कॉम्प्युटर.

हा शब्द मी मुद्दाम वापरते. संगणक हे वर्गातले. हा आमच्या घरातला पहिला, आणि माझ्या माहितीत मांडवीतलाही पहिला.

बाबा मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत ऑइलमन होते. इतर घरी जहाजावरून टू-इन-वन यायचा, सेंट यायचं, झुळझुळीत साड्या यायच्या. सन १९८५ च्या दिवाळीला बाबा सिंगापूरहून खोका घेऊन आले. मुंबईपासून एसटीत तो त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नव्हता. आईने खोक्यावरून नारळ ओवाळला, आत बघितलं आणि तिचं तोंड उतरलं.

"मी मिक्सर सांगितलेला. ह्या काय आणलात?"

"ह्या पोरांसाठी हाय," बाबा म्हणाले. "उद्या सगळीकडं ह्याच असणार."

काळा, पाटीएवढा, सगळा जीव त्या कळांच्या खाली. कळा खोडरबरासारख्या मऊ होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या आजींना तो बुलबुलतरंग वाटला आणि त्या वाजवून दाखवा म्हणून बसून राहिल्या. बाबांनी वायर टीव्हीला जोडली, आणि बातम्या दिसायच्या त्या काचेवर एक चौकोन उघडझाप करू लागला. थर्माकोलचा वास, तापलेल्या प्लॅस्टिकचा वास, आणि तो चौकोन. तो माझ्यासाठी थांबला आहे असं मला वाटलं. तसं मला पुन्हा कशाबद्दलच वाटलं नाही. मी तेव्हा सहावीत होते.

खोका नितेशच्या हातात दिला होता, कारण तो मुलगा. त्याला मात्र रिमोटची गाडी हवी होती. दोन दिवस तो रुसून होता. भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं तेव्हा त्याने अख्खा खोका माझ्या ताटाकडे ढकलला. "ह्याच घे ओवाळणी. मला नको."

सगळे हसले. बाबाही हसले आणि म्हणाले, "दिलास तर दिलास. ओवाळणी परत मागायची नाय हां, पाप लागतं." समोर शेजारची गोदा बसली होती, ती आज या कागदावर साक्षीदार आहे. तेव्हा सदर वस्तू त्या दिवसापासून माझ्या मालकीची आहे. वारसाहक्काशी तिचा काहीएक संबंध नाही.

सोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि मी मराठी शाळेतली. बाबांची पुठ्ठा निघालेली डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते वाचलं. दुपारी आई आडवी झाली की खिडकी लावायची, नाहीतर खारी हवा आत येते, आणि टीव्हीपुढे बसायचं. रन, स्टॉप, गो टू. इतर मुली इंग्रजीत गाय आणि माझा मित्र शिकत होत्या, माझं पहिलं इंग्रजी हुकुमांचं होतं. ते यंत्र माझ्याशी फार सरळ वागलं. चूक असली की चूक म्हणायचं. ती मुलीने केली की मुलाने, हे त्याने कधी विचारलं नाही. दसऱ्याला आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, ते एका कळीच्या फटीत अजून आहे.

पुढल्या गणपतीला मी मखराच्या मागे टीव्ही ठेवायला लावला. पडद्यावर एकेक पणती पेटत जायची, आणि सगळ्या पेटल्या की वर 'मोरया' उमटायचं. त्या यंत्राला मराठी येत नव्हती. गणिताच्या चौकटीच्या वहीत मी प्रत्येक अक्षर चौकोन भरून काढलं आणि मग ते चौकोन आकड्यांत मांडून आत घातले. 'मो' ची मात्रा पडद्याबाहेर जायची, तिने माझा सबंध श्रावण खाल्ला.

भजनी मंडळ आलं. आरती झाल्यावर बुवा पडद्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या कोणी केलान?"

मी करंज्यांचं ताट घेऊन तिथेच उभी होते. आई म्हणाली, "आमच्या नितेशने केलान हो. नव वर्सांचा पोर."

मंडळी वा वा करू लागली. मागाहून स्वयंपाकघरात मी रडले तेव्हा आईने माझे डोळे पदराने पुसले आणि समजावलं, "पोरीचा नाव कशाला पुढं करायचा? शेफारलेली म्हणतात. उद्या स्थळ येयाचा ता येणार नाय." स्थळ पुढेही आलं नाहीच, ते असो. दुसऱ्या दिवसापासून नितेशला पाटावर बसवून कोणती कळ दाबायची ते मलाच दाखवावं लागलं. तो दाबायचा, पणत्या पेटायच्या, लोक त्याच्या हातावर रुपाया ठेवायचे. एका साप्ताहिकाने त्याचा फोटो छापला. फोटोच्या कोपऱ्यात करंज्यांचं ताट दिसतं, माझा हात दिसतो, मी दिसत नाही. बुवांनी मला श्रावणात वहीत तीच अक्षरं काढताना स्वतः पाहिलं होतं. ते काही बोलले नाहीत. म्हणून पखवाज नाही.

आता कॅसेट. तेव्हा प्रोग्राम साध्या कॅसेटवर ठेवावा लागे. यंत्र बंद केलं की सगळं जायचं, कॅसेट लावून पुन्हा आत घ्यायचं. टेपवर ऐकलं तर नुसती किरकिर. मी पणत्या एकामागे एक दोनदा भरून ठेवल्या होत्या, पुस्तकात तशी ताकीद होती.

जहाजावरच्या माणसांच्या घरी आवाजाच्या कॅसेटी पाठवायची पद्धत होती. कोणी जहाज धरायला मुंबईला निघालं की त्याच्या हाती द्यायची. गणपतीनंतर आईला बाबांना कॅसेट पाठवायची होती आणि घरात कोरी नव्हती. तिने माझी लावून बघितली.

"ही बिघडलेली हाय. हिच्यावरच बोलतंय मी."

"आई, त्यात माझ्या पणत्या आहेत."

"पणत्या कसल्या? नुसता किरकिराट. गाणा तरी हाय काय त्यात?"

भरायला कोणती दोन बटणं एकदम दाबतात ते आईला येत नसे. ती मीच दाबली. आई बोलली, नितेशचं कौतुक सांगितलं, आणि मी शेजारी गप्प बसून राहिले. त्या गप्प बसण्याचा राग मी आईवर काढला, नितेशवर काढला, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. बाबांवर नाही. बाबांना जे सांगितलं तेच त्यांना कळणार.

बाबांचं उत्तर कॅसेटवरच आलं. इंजिनखोलीतल्या सगळ्यांना ऐकवलं म्हणाले, नितेशला इंजिनेर करणार म्हणाले. आईला म्हणाले, "तुझ्या कॅसेटीत शेवटाला नुसती किरकिर येते, पुढच्या टायमाला नवी घे." आणि मला म्हणाले, "राजू, तो कॉम्प्युटर आता नितेशच्या शिक्षणाचा हाय. हात लावू नको." कॉम्प्युटर भरतकामाच्या रुमालासकट शोकेसमध्ये गेला आणि किल्ली आईच्या कमरेला. अशा रीतीने भाऊबीजेची ओवाळणी परत घेण्यात आली.

पुढल्या सुट्टीत बाबा आले तेव्हा मी भाट्याच्या पुळणीवर त्यांना सांगितलं, की ते मी केलं होतं. ते समुद्राकडे वळले. मग म्हणाले, "भावाचा हेवा करू नये, बाय. तोच तुला उद्या बघणार." नितेश इंजिनिअरिंगला गेला, मी बारावीनंतर टायपिंगला. आईचं शेवटचं आजारपण मी काढलं. भाऊ मला किती बघतो ते कलम १ मध्ये आलंच आहे.

कलम ४. बचत.

औषधपाणी आणि दिवसकार्याचा खर्च भागवून बँकेत जे उरेल, त्याच्या व्याजातून माझ्या शाळेत दर वर्षी एका मुलीला पारितोषिक द्यावं. नाव, 'कै. आत्माराम गंगाराम भाटकर स्मृती पारितोषिक'. तिने स्वतः संगणकावर काही केलेलं असावं आणि ते स्टेजवर स्वतः दाखवावं. कळ तिनेच दाबायची. माझे बाबा फार शिकलेले नव्हते, पण मिक्सर सोडून त्यांनी ती वस्तू आणली. त्यांना खरं कळलं असतं तर सगळं वेगळं झालं असतं, या एका गोष्टीवर मी आजवर जगले.

कलम ५. कॉम्प्युटर कोणाला द्यावा.

गेल्या सप्टेंबरात इथल्या एका कॉलेजने नितेशचा सत्कार केला. मी तिसऱ्या रांगेत होते. नितेश बोलला छान. म्हणाला, "सिंगापूरहून बाबांनी आणलेला तो काळा कॉम्प्युटर. खोका उघडला तेव्हा आलेला थर्माकोलचा वास मी अजून विसरलेलो नाही. नऊ वर्षांचा होतो मी, गणपतीसमोर पडद्यावर पणत्या लावल्या होत्या." मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझा वाससुद्धा त्याने घेतला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते आता खरंच वाटतं, आणि याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "ताई, तो कॉम्प्युटर तुझ्याकडे माळ्यावर पडूनच आहे ना? ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवीन म्हणतो."

ईशा ताटावरून मान वर करून म्हणाली, "बाबा, पण पणत्या एकेक करून कशा पेटवल्या होत्या?"

"अगं, जमायचं तेव्हा," नितेश म्हणाला आणि सोलकढी मागितली. ईशाने माझ्याकडे बघितलं. मी सोलकढी वाढली.

तरी माझी इच्छा अशी. आईची ती कॅसेट बाबांच्या ट्रंकेत राहिली होती, आई गेल्यावर माझ्या हाती आली. मी ती ऐकलेली नाही. त्यात काय आहे ते मला पाठ आहे. माझ्या तेराव्याला आळीतल्या सगळ्यांना, भजनी मंडळालाही, ओटीवर बसवून ती लावावी. मग हर्षदनी कलम ३ मोठ्याने वाचावं. नितेशने उठून न जाता ऐकून घेतलं आणि "ते ताईने केलं" एवढं चारचौघांत म्हटलं, तर कॉम्प्युटर त्याचा. न म्हटलं तर भंगारवाल्याचा.

पुरवणी.

वरचं सगळं लिहून झालं होतं. साक्षीदार येऊन बसले होते, सही तेवढी राहिली होती. हर्षद म्हणाले, "मॅडम, कॅसेट चालते का बघून घ्या. नाही चालली तर कलम पाच लटकेल." बोलणं रास्त होतं. गोदाने भजनं ऐकायचा आपला टेप आणला. आम्ही तिघांनी ऐकली. कागदावर खाडाखोड नको म्हणून वरची कलमं होती तशी ठेवून पुढचं लिहीत आहे.

कॅसेट चालते. आई बोलते. मी कमळा बोलतंय, म्हणते. पाऊस, नारळ, गणपती. मग नितेशचं कौतुक, पणत्या, बुवा काय म्हणाले ते. मग आई थांबते, आणि एका मुलीचा आवाज येतो.

"बाबा, पणत्या मी केल्या. नितेशने नुसती कळ दाबलीन."

"गप गो. बंद कर ता."

"बाबा, मीच केल्या."

मग बटणाचा आवाज. मग माझ्या पणत्यांचं जे पुसायचं राहिलं होतं ते, किरकिर, बराच वेळ. तो तुकडा आता कुठल्याही यंत्रात चालायचा नाही, सुरुवात गेली की यंत्र तो घेत नाही.

गोदा म्हणाली, "राजू, तुझाच आवाज हाय गो." मला कळत होतं. मी गप्प बसले नव्हते. इतकी वर्षं मी त्या मुलीला घालून पाडून बोलत आले, आणि तिने दोनदा सांगितलं होतं.

शेवटाला किरकिर येते, असं बाबा म्हणाले होते. ती किरकिर माझ्या बोलण्याच्या पुढे आहे. ती ऐकायची तर आधी मला ऐकावं लागतं. बाबांनी ऐकलं होतं. इंजिनखोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. भाट्याच्या पुळणीवर मी त्यांना नवीन काही सांगत नव्हते. मला वाटलं होतं त्यांना ते खोटं वाटतंय. त्यांना ते खरं माहीत होतं, आणि त्यांनी हिशेब करून मुलगा निवडला.

सबब खालीलप्रमाणे बदल.

कलम ५ रद्द. तेराव्याला कोणाला बसवू नये. नितेश तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि त्याला जे सांगितलं ते तो मानत आला. चारचौघांत त्याची फजिती करायची माझी हौस गेली. कॅसेट त्याला द्यावी. त्याने ती एकट्याने, शेवटपर्यंत ऐकावी. बाबा त्याचेही होते.

कॉम्प्युटर ईशाला. ओवाळणी आहे, परत मागू नये. फटीतलं कुंकू पुसू नये.

कलम ४ मधलं पारितोषिक कायम, त्याचं नाव रद्द. नवीन नाव 'राजश्री पारितोषिक'. पुढे वडिलांचं नाव लावू नये. शाळेने विचारलं तर सांगावं, की देणाऱ्या बाईंची तशी अट आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वेदिका शिवलकर हिने करावी. हर्षदना फी पोचली आहे. गोदाला साक्षीदार असल्यामुळे कायद्याने काही देता येत नाही, म्हणून टेपाच्या बदल्यात तिला आत्ताच चहा दिला.

सही पूर्ण नावाची करा, असं वकील म्हणतात. पूर्ण नाव कायद्यापुरतं पहिल्या ओळीत लिहिलेलं आहे. सही माझी आहे.

ठिकाण: मांडवी, रत्नागिरी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) राजश्री

साक्षीदार:

१. (सही) हर्षद मयेकर, वकील. लिहून देणार यांनी माझ्यासमक्ष पूर्ण शुद्धीत सही केली.

२. (सही) गोदा हातिसकर, शेजारीण. सही माझ्यासमोर केली. ओवाळणी दिली तेव्हाही मी तिथे होते. कॅसेट मी ऐकली. ती खरं बोलत होती.